पाडव्याआधी साइट हलकी करायची : प्रकल्प नोंदी

२० जानेवारी २०२५, सोमवार

काम हाती घेतलं. रत्नागिरीतल्या पावस गावाजवळच्या एका बागायतदार कुटुंबाची घरची हापूस विक्रीची साइट. वर्डप्रेस, त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स, त्याच्यावर पानं जुळवायचा एक पेज-बिल्डर आणि त्याच्याही वर दरवर्षी कुणी ना कुणी चढवलेली प्लगिन्स, म्हणजे जोड-प्रोग्राम. पाडवा ३० मार्चला. बुकिंग त्याच्या आठवडाभर आधी उघडतं, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं जागेवर हवं.

ऑर्डरी सांभाळणाऱ्या वहिनींनी फोनवर तक्रार एका वाक्यात सांगितली : "साइट उघडत नाही म्हणून लोक फोन करतात, आणि सीझनला आमच्याकडे फोन उचलायला माणूस नसतो." माझ्या दृष्टीने कामाचं उद्दिष्ट हेच. गूगलमधलं स्थान वगैरे नंतर.

गेल्या सीझनचे आकडे पाहिले. दहातले नऊ जण मोबाइलवरून, आणि त्यातले बहुतेक व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंकवरून. म्हणजे पहिल्यांदाच येणारा माणूस, ब्राउझरची कॅशे, म्हणजे आधी उतरवून ठेवलेला साठा, रिकामी. "दुसऱ्यांदा आलं की पटकन उघडते" या युक्तिवादाचा इथे काही उपयोग नाही. लोक वर्षातून एकदा येतात.

२२ जानेवारी

मोजणी. लाइटहाउस (गूगलचं वेग मोजायचं साधन) मोबाइलवर चालवताना १.६ मेगाबिट प्रतिसेकंद वेग, सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन १५० मिलिसेकंदांचा फेरा आणि चारपट मंदावलेला प्रोसेसर धरतो. मुंबईत बसून हे फार कडक वाटतं. संध्याकाळी गर्दीच्या लोकलमध्ये हातात फोन घेतला की वाटत नाही.

मुखपृष्ठ ७.४ मेगाबाइट, १४३ विनंत्या. नुसता हिशेब केला तरी १.६ मेगाबिटच्या लाइनवर हे सगळं उतरायला ३७ सेकंद. एलसीपी, म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग उमटायला लागलेला वेळ, ११.८ सेकंद. चांगली मर्यादा २.५. सीएलएस, म्हणजे पान वाचताना मजकूर खालीवर उडण्याचं माप, ०.३४. ते ०.१ च्या आत हवं. तिसरं माप आयएनपी : बोट लावल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंतचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत. मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी हे आलं. पण ते खऱ्या वापरातूनच नीट कळतं, आणि सीझन नसल्यामुळे गूगलकडे या साइटचा पुरेसा डेटाच नाही. तोवर माझ्याकडचा ३ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड हाच परीक्षक.

घरातल्या पुतण्याचं म्हणणं, साइट ठीक आहे, त्याच्याकडे लगेच उघडते. त्याच्याकडे नवा आयफोन आणि घरचं फायबर. त्याला जुन्या फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर आलं : "बापरे."

वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सन याने १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून वापरतो. ०.१ सेकंदापर्यंत माणसाला सगळं तत्काळ झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. आपण दहाच्या पलीकडे आहोत. तेवढ्यात माणूस व्हॉट्सॲपवर परत जाऊन दुसऱ्या बागायतदाराचा स्टेटस बघतो.

गूगलने वेग क्रमवारीत धरायला २०१० मध्ये सुरुवात केली, मोबाइलवरच्या शोधासाठी जुलै २०१८ पासून. पण निव्वळ वेगाच्या जोरावर कुणी पहिल्या पानावर जात नाही, हे गूगलच सांगतं. क्लायंटलाही तसंच सांगितलं.

२४ जानेवारी

आधी सर्व्हर. फोटो-बिटो पुढचं, पहिला बाइट यायलाच १.९ सेकंद लागतायत.

होस्टिंग स्वस्तातलं, सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. मुंबईपासून ढोबळ १३ हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, २०० च्या वरच लागतात. आणि एक फेरा पुरत नाही. टीसीपीचा हात मिळवायला, म्हणजे जोडणी उघडायला, एक, जोडणी सुरक्षित करणाऱ्या जुन्या टीएलएस १.२ ला दोन, मग खऱ्या मागणीचा एक. पाऊण-एक सेकंद असाच गेला, सर्व्हरने अजून काही केलेलंच नाही. पावसचा आंबा दादरच्या गिऱ्हाइकाला दाखवायला अटलांटिकपर्यंत जाण्याचं कारण नव्हतं.

मुंबईतला सर्व्हर घेतला. वर्डप्रेस ज्यावर चालतं ते पीएचपी ७.४ होतं, ज्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, ८.२ केलं. टीएलएस १.३, एचटीटीपी/२ आणि मजकूर दाबून पाठवणारं ब्रॉटली चालू. पूर्ण पानाची कॅशे लावली, म्हणजे तेच मुखपृष्ठ दर वेळी डेटाबेसला विचारून नव्याने बनणार नाही.

कॅशेत एक मेख आहे. "शिल्लक पेट्या" हा आकडा पानात गोठला तर संपलेला माल विकला जाईल. म्हणून पान कॅशेतून आणि शिल्लक आकडा एका छोट्या वेगळ्या विनंतीतून. कार्ट आणि पेमेंट कॅशेबाहेर. वहिनींचा प्रश्न एकच होता, ईमेल बंद पडणार का. नाही, ते वेगळीकडे आहे. डोमेनच्या त्या नोंदींना हात लावला नाही.

पहिला बाइट आता ०.३ सेकंदात. अजून एकही फोटो बदललेला नाही.

३ फेब्रुवारी

फोटो. सगळ्यात मोठं ओझं इथेच, आणि सगळ्यात मोठी चर्चाही इथेच झाली.

मुखपृष्ठावर पाच फोटोंचा स्लायडर : मोहोर, बाग, आढी, पेटी आणि पहिली कलमं लावणाऱ्या आजोबांचा फोटो. प्रत्येक ४००० पिक्सेल रुंद. बघणाऱ्याच्या फोनची रुंदी ३६० पिक्सेल, दाट पडदा धरून हजारभर. घरातल्या काकांना पाचही हवेत. मी त्यांना मागच्या वर्षीची नोंद दाखवली : दुसऱ्या फोटोपर्यंत सरकवणारे फारच थोडे, पाचव्यापर्यंत जवळपास कुणी नाही. म्हणजे आजोबांचा फोटो सगळ्यांच्या फोनवर उतरतो आणि कुणीच बघत नाही. हे मात्र त्यांना लागलं. ठरलं असं : वर एकच फोटो, उघडलेल्या पेटीचा. आजोबा "आमची बाग" या भागात, चांगले मोठे, मजकुरासह. बाकीचे खाली, आणि तिथपर्यंत कुणी पोचलं तरच उतरणारे.

स्लायडरचा दुसरा दोष वजनापेक्षा वाईट होता. पहिला फोटो जावास्क्रिप्ट चालल्यावर सीएसएसच्या, म्हणजे पानाच्या सजावटीच्या, पार्श्वभूमीत चिकटवला जायचा. ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ आराखडा, वाचता वाचताच पुढे डोकावून फोटो मागवायला लागतो. पण तो एचटीएमएलमध्ये नसेलच तर डोकावून काय दिसणार? स्क्रिप्ट उतरेपर्यंत, चालेपर्यंत फोटोची मागणीच होत नव्हती. शिवाय एका प्लगिनने सरसकट सगळ्या फोटोंवर लेझी लोडिंग (जवळ पोचल्यावरच फोटो उतरवणं) लावलेलं, अगदी पहिल्या फोटोवरही. प्लगिन काढलं. फोटो साध्या इमेज टॅगमध्ये, लेझी नाही, प्राधान्य "हाय". बाकीच्यांवर लेझी, ते वर्डप्रेस स्वतःच करतं.

४८०, ८०० आणि १२०० पिक्सेलच्या प्रती बनवल्या, ब्राउझरने आपल्या मापाची निवडावी. फाइलीचा प्रकार एव्हीआयएफ, जुन्या ब्राउझरसाठी वेबपी.

इथे दर्जाच्या आकड्यावर अडलो. एव्हीआयएफ बराच दाबला तर फाइल ३० केबीवर येते आणि आकडा बघून खूश व्हायला होतं. पण हापूसच्या सालीवर जे बारीक ठिपके असतात ते पुसले जातात, देठाजवळची केशरी झाक पिवळ्यात विरघळते, आणि आंबा मेणाचा दिसायला लागतो. वहिनींनी बघताक्षणी सांगितलं, "हा आंबा औषध मारून पिकवलेला वाटतो." हापूस घेणारा माणूस सालच बघतो. दर्जा वाढवला, ८४ केबीवर थांबलो. शेडच्या आणि आढीच्या फोटोंना हा लाड नाही. ते ४० च्या आत.

दरपत्रक हा आणखी एक फोटो, व्हॉट्सॲपसाठी बनवलेलं पोस्टर तसंच साइटवर चढवलेलं, ९०० केबी. त्याच्या जागी साधा तक्ता टंकला, दोन केबी. दर बदलला की आता आकडा बदलायचा, डिझाइनवाल्याला फोन करायचा नाही.

६ फेब्रुवारी

सगळ्या फोटोंना रुंदी-उंची लिहिली, दराच्या पट्टीसाठी जागा आधीच राखून ठेवली. सीएलएस ०.३४ वरून ०.०५.

हे माप लोकांना फार तांत्रिक वाटतं. वहिनींना वाटलं नाही. दराची पट्टी उशिरा येऊन सगळं खाली ढकलायची, तेवढ्यात दोन डझनवर नेलेलं बोट पाच डझनवर पडायचं. "चुकून मोठी पेटी पडली" असे फोन गेल्या वर्षी येतच होते.

१२ फेब्रुवारी

फॉन्ट. मराठी साइटवर हा विषय इंग्रजीपेक्षा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

साइटवर तीन फॉन्ट-कुटुंबं, नऊ फाइली, सगळ्या टीटीएफ. एकूण दीड मेगाबाइटच्या वर. रोमन फॉन्टला अक्षरं मोजकी लागतात. देवनागरीच्या युनिकोड गटात जागा १२८ असल्या तरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांटीच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती असं सगळं धरून चिन्हं पाचशेच्या, कधी हजाराच्या घरात जातात, आणि कुठे काय जोडायचं याचे नियमही फाइलीतच असतात.

म्हणून फॉन्ट छाटताना जपून. यातल्या एका फाइलीवर आधी कुणीतरी ऑनलाइन साधन चालवलेलं दिसतं. अक्षरं राहिली, जोडण्याचे नियम गेले. ठळक मथळ्यात "रत्नागिरी"तला त् पाय मोडून वेगळा उभा होता. दोन सीझन तो तसाच होता आणि घरच्यांना वाटायचं, फोनच जुना आहे.

फॉन्टटूल्स हे साधन वापरून छाटला. ठेवलं ते : देवनागरी पूर्ण गट, त्यात ॲ आणि ऱ आलेच, दंड, रुपयाचं चिन्ह, इंग्रजी अंक, आणि न दिसणारे दोन जोडक-तोडक, ज्यांच्याशिवाय काही जोडाक्षरं हवी तशी लिहिता येत नाहीत. मांडणीचे नियम सगळे ठेवले. वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या प्रकारात केलं.

मग आणखी एक गोष्ट सापडली. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा "इंग्रजी, अमेरिका" लिहिलेली. ती "मराठी" केली. अनेक देवनागरी फॉन्टांत मराठी ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, आणि भाषा मराठी सांगितली तरच ते बाहेर येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. वजनात काही फरक नाही, वेगाशी संबंध नाही, पण "पायरी शिल्लक" हा मथळा एकदम घरचा दिसायला लागला. छाटताना हे नियम उडाले असते तर भाषा बदलूनही काही झालं नसतं.

शेवटी ठरवलं : मजकूर फोनच्या स्वतःच्या देवनागरी फॉन्टमध्ये, शून्य बाइट. वेबफॉन्ट फक्त मथळ्यांना, एकच ठळक फाइल, ५२ केबी. फॉन्ट येईपर्यंत मजकूर लपवायचा नाही, फोनच्या फॉन्टमध्ये दाखवायचा आणि आला की बदलायचा. देवनागरीत या अदलाबदलीला ओळीची उंची हलते, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार प्रत्येक फॉन्ट वेगळ्या मापाने धरतो. पर्यायी फॉन्टचं माप सीएसएसमधून जुळवून घेतलं. सीएलएस ०.०२.

जाता जाता : देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून मराठी पानं जड असतात असं ऐकू येतं. दाबल्याशिवाय पाठवली तरच. तीनपैकी पहिला बाइट सगळ्यांचा एकच, दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे ब्रॉटलीला हे पीठ छान मळता येतं. आपलं ९६ केबीचं एचटीएमएल १३ केबीत मावलं. जोडणी झाल्यावर सर्व्हर साधारण पहिल्या झटक्यात १४ केबी पाठवतो, म्हणजे अख्खं पान एका फेऱ्यात.

१८ फेब्रुवारी

परक्या स्क्रिप्टांची झडती. चॅटचा फुगा, जाहिरातींसाठी माग ठेवणारा फेसबुक पिक्सेल, असे तुकडे चढवायचा टॅग मॅनेजर आणि त्यात तीन जुने टॅग, इन्स्टाग्रामची पट्टी, यूट्यूबचा व्हिडिओ, नकाशा, आणि पानावर मोहोर गळण्याचं ॲनिमेशन.

जुने टॅग कुणाचे, ते घरात कुणालाच आठवेना. काढले. कुणी विचारलं नाही.

चॅटचा फुगा शेवटी व्हॉट्सॲपच उघडायचा, त्यासाठी ४०० केबी. साधी लिंक आणि हिरवं बटण केलं. यूट्यूबच्या जागी फोटो आणि त्यावर प्लेचं चिन्ह, दाबलं तरच व्हिडिओ येतो. नकाशाला लिंक, पेटी घरपोच जाणाऱ्या दुकानाला नकाशा लागतोच किती? मोहोर गळणं पुतण्याने स्वतःहून काढलं. त्याला धन्यवाद.

जावास्क्रिप्ट १.९ मेगाबाइटवरून २१० केबी. फोटोच्या १०० केबी आणि स्क्रिप्टच्या १०० केबी सारख्या नाहीत. फोटो उलगडून दाखवला की संपलं. स्क्रिप्ट वाचायची, समजून घ्यायची, चालवायची, आणि तोवर स्वस्त फोनचा प्रोसेसर बोटाला उत्तर देत नाही.

२१ फेब्रुवारी

पेज-बिल्डर मुखपृष्ठ आणि उत्पादनाच्या पानांवरून काढला, साचे हाताने लिहिले. "आमच्याविषयी" वगैरे पानांवर राहू दिला, तिथे घरचे लोक स्वतः बदल करतात.

४ मार्च

पिनकोडची चौकट. जुन्या फोनवर आकडा टाइप केला की पडदा अर्धा सेकंद गोठतो. कारण सापडलं : देशातल्या १९ हजारांवर पिनकोडांची यादी पानाबरोबर पाठवलेली, आणि प्रत्येक आकड्यागणिक ती अख्खी चाळली जाते. पेट्या जातात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिकला. पिनकोडचे पहिले तीन आकडे पुरतात : ४००, ४११, ४२२ आणि आजूबाजूचे मोजके. यादी काढली. तीन आकडे झाले की "इथे पोचवतो" किंवा "सध्या नाही", लगेच. नेमक्या गावाची तपासणी सहावा आकडा पडल्यावर सर्व्हरवर.

१० मार्च

शिमग्याआधी बागेवर जाऊन आलो. गाडीत साइट वापरत गेलो. कोकण रेल्वेवर उक्षी ते भोके या स्टेशनांमध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, आणि मुद्दाम तो यायच्या आधी ऑर्डर भरायला घेतली. बोगद्यात नेटवर्क गेलं, फॉर्म पाठवला, ब्राउझरचं कोरं पान. बाहेर आल्यावर पत्त्यासकट सगळं पुन्हा. आता भरलेलं फोनमध्येच राहतं, नेटवर्क नसेल तर तसं मराठीत सांगितलं जातं, आणि परत आल्यावर बटण एकदाच दाबायचं. दुहेरी ऑर्डर पडू नये म्हणून प्रत्येक फॉर्मला आपला क्रमांक.

पॅकिंगच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, वहिनी ऑर्डरींची यादी ज्या फोनवर बघतात तिथे नेटवर्कची एकच कांडी. आतलं पान उघडायला नऊ सेकंद. कारण वर्डप्रेसच्या सेटिंगच्या तक्त्यात काढून टाकलेल्या प्लगिन्सचा कचरा, दर पानाला आपोआप वाचला जाणारा. तो साफ केला, यादी एका वेळी पन्नासच ऑर्डरींची. दोन-अडीच सेकंद. गिऱ्हाइकाचं पान सगळे मोजतात. पेट्या ज्या पानावरून भरल्या जातात ते कुणी मोजत नाही.

१७ मार्च

पुन्हा मोजणी, त्याच अटींवर. ६१० केबी, २४ विनंत्या. एलसीपी २.१ सेकंद, सीएलएस ०.०२. गुण ९३. पुतण्याला १०० हवेत. उरलेले सात पेमेंट गेटवेच्या स्क्रिप्टमध्ये आहेत आणि पैसे तर घ्यायचेत.

२३ मार्च, रविवार

सकाळी नऊला बुकिंग उघडलं. पान कॅशेतून सहज गेलं, पण शिल्लक आकड्याच्या विनंतीने पहिल्या दहा मिनिटांत डेटाबेसला घाम फोडला. ती पाच सेकंदांपुरती साठवायला लावली. पेमेंटच्या आधी शिल्लक खरी तपासली जातेच, म्हणून पाच सेकंद जुना आकडा चालतो. त्यानंतर शांत.

५ मे

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला झाली, मोठी गर्दी ओसरली. आता गूगलकडे २८ दिवसांचा खऱ्या वापरकर्त्यांचा डेटा आहे. पंच्याहत्तराव्या शतमकाला, म्हणजे चारांतल्या तीन भेटी ज्याच्या आत येतात तो आकडा : एलसीपी २.४, आयएनपी १८० मिलिसेकंद, सीएलएस ०.०३. तिन्ही हिरवे, एलसीपी काठावर.

"उघडत नाही" म्हणून येणारे फोन जवळपास थांबले, असं वहिनी सांगतात. विक्रीबद्दल मी अहवालात काही लिहिलेलं नाही. या वर्षीचा माल वेगळा, दर वेगळे, आणि दरपत्रकही पहिल्यांदाच वाचता येण्याजोगं होतं. त्यातलं वेगाचं श्रेय वेगळं काढायला माझ्याकडे मोजमाप नाही.

एप्रिलच्या मध्याला मुखपृष्ठ अचानक ५ मेगाबाइटचं झालं होतं. पुतण्याने पायरीचा नवा फोटो कॅमेऱ्यातून थेट चढवला. तो कशाला ओळखत बसेल केबी आणि पिक्सेल? अपलोडवरच बंधन घातलं : काहीही चढवा, सर्व्हर स्वतः छोट्या प्रती करतो, मूळ फाइल पानावर जातच नाही. शिवाय रोज पहाटे मुखपृष्ठाचं वजन मोजलं जातं, ८०० केबीच्या वर गेलं की मला निरोप.

राहिलेलं, ऑक्टोबरमध्ये बघायचं : पेट्यांवरची पत्त्याची लेबलं अजून एकेक ऑर्डर उघडून छापावी लागतात, ती एकगठ्ठा. पेमेंटची स्क्रिप्ट फक्त पेमेंटच्या पानावर. आणि काकांना मुखपृष्ठावर ड्रोनने काढलेला बागेचा व्हिडिओ हवाय. त्यांना म्हटलं, आजोबांच्या फोटोखाली, दाबल्यावर चालणारा. "बघू," म्हणाले.